आडनावातलं गाव

बाबा, तुमच्यावरचा राग मी इतकी वर्षं जपून ठेवलाय, की आता तो नेमका कुणावरचा हेच कळेनासं झालंय. म्हणून लिहायला बसलोय.

आगबोट लागली की तुम्ही धक्क्यावर हजर. उतरणाऱ्याला पहिला प्रश्न, "आडनाव काय?" चुकून आपलंच निघालं तर त्या बिचाऱ्याची धडगत नसायची. कुलदैवत, कितवी पिढी, भाऊ किती, सगळं सांगितल्याशिवाय त्याची सुटका नाही. मग वहीत नोंद: कारवारला दोन घरं, वेंगुर्ल्याला एक, गिरगावच्या चाळीत तीन. एक पान मात्र कोरं. त्यावर फक्त गोव्यातल्या त्या गावाचं नाव, ज्याला 'कर' जोडून आपण मिरवतो. फिरंग्यांच्या जाचाला कंटाळून आपली माणसं तिथून निघाली, एवढंच तुम्हाला ठाऊक होतं.

गोवा मोकळा झाला त्याच सुमारास थोरल्या भावाने माझ्यासाठी मुंबईच्या गोदीत जागा पाहिली. माझी ट्रंक भरून तयार होती. तुम्ही म्हणालात, "आधी थंय जावन ये. माझे पाय आता चलनत नाय." आणि भावबंदांसाठी खाज्याचा पुडा हातात ठेवलात.

गेलो. विहिरीपाशी एक म्हातारी भेटली. आपलं आडनाव ऐकून ती हसलीच. "पुता, हांगा रावता ताका गांवाचें नांव कित्याक? भायर सरलो, ताका लोकांनी तें दिलें." तिथे त्या आडनावाचं एकही घर नव्हतं, कधी नव्हतंच. गाव सोडून गेलेल्यालाच परक्या मुलुखात गावावरून ओळखतात. इतकी साधी गोष्ट, पण तुमच्या माझ्या डोक्यात कधी आली नाही. परतताना तेरेखोलच्या तरीत बसून मी एकट्यानेच खाजं संपवलं.

घरी तुम्ही वही उघडून बसला होतात. आईने पाय धुवायला पाणी देण्याआधीच विचारलंत, "किती घरां?" तुमच्या तोंडाकडे बघून खरं बोलवेना. "पाच," म्हणालो. पाच कर्त्या माणसांची नावं तिथल्या तिथे रचली. पाचव्याला तर बैलजोडीही देऊन टाकली. तुम्ही रडलात, बाबा.

दुसऱ्या दिवशी मी ट्रंकेला दोरी बांधतोय आणि तुम्ही दारात उभे. "झिला, खंय जातंस? आता भावबंद येतले. तेंका दार उघडा दिसाक होया." मीच रचलेल्या पाच माणसांनी मला घरात डांबलं. गोदीतली जागा दुसऱ्याला गेली. दर चतुर्थीला तुम्ही पाच पानं जास्त मांडायला लावायचात, आणि ती रिकामी पानं उचलताना आई माझ्याकडे बघायची नाही. गाव सोडणाऱ्यांचं नाव लावून मी जागचा हललो नाही. तुमचा इतका संताप यायचा, की समोर बसून घास गिळवत नसे.

तुम्ही गेलात त्या वर्षी थोरल्याचं पत्र आलं, आता तरी ये, अजून एक जागा आहे. मी कळवलं, घर बंद ठेवता येत नाही. तेव्हा मला अडवणारं कुणी नव्हतं.

हे पत्र कुठे पाठवणार? वहीत, त्या पाच नावांच्या पानात ठेवून देतो. एक मात्र सांगायचं राहिलं. तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या चतुर्थीला आईने आमच्या दोघांचीच पानं घेतली होती. बाकीची पाच मी मांडली.