डाव्या डोळ्याची साक्ष

प्रिय दिगंबर,

‘प्रिय’ हा शब्द पत्राच्या रीतीपुरता घे. त्यावरून लगेच खूश होऊ नकोस.

तू गेल्याला दोन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितोय तेही आठवण अनावर झाली म्हणून नव्हे. मला समन्स आलं आहे. मंगळवारी सकाळी अकरा वाजता जळगावच्या कोर्टात हजर राहायचं. खटला तुझ्या अपघाताचा, आरोपी केळीच्या टेम्पोचा ड्रायव्हर, साक्षीदार मी. तू घरच्या प्रत्येक कार्याला असायचास तसाच, गैरहजर.

अपघातानंतर पोलिसांनी माझा जबाब घेतला होता. भावाच्या नजरेत काही दोष होता का, असं हवालदाराने विचारलं. मी म्हणालो, तो बॉक्सर होता, त्याची नजर उत्तम होती. खाली सही केली, चांगली वळणदार. सव्वीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्या मास्तराच्या सहीवर कोण शंका घेणार?

तुझा डावा डोळा गेलेला होता हे या जगात तिघांना ठाऊक होतं. तू, पुण्याचा एक डॉक्टर आणि मी. तू निघून गेलास. डॉक्टरला तुझं नावही आठवत नसेल. उरलो मी. धाकट्या भावाने थोरल्याला ठेवून जायची वस्तू ही?

तुला आठवतं, दोंडाईच्याजवळच्या आपल्या गावात मला काय म्हणायचे? कापूस पिकवणाऱ्याच्या घरात संस्कृत शिकणारं पोर म्हणजे दोन डोक्यांचं वासरू. लोक बघून जायचे. मी पाठशाळेतून सुटीवर आलो की पारावर बसवून काहीतरी म्हणायला लावायचे, आणि म्हणून झालं की कोणीतरी हमखास विचारायचं, बरं, पण याचा उपयोग काय? तूही त्यांच्यात उभा राहून दात काढायचास.

तुझा उपयोग मात्र सगळ्यांना दिसत होता. धुळ्याला तालमीत कुस्ती शिकायला गेलास आणि शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेल्या वाळूच्या पोत्याच्या प्रेमात पडलास. चार वर्षं ते पोतं बडवलंस. मग जिल्हा, मग राज्य, आणि नोकरी मिळेल मिळेल म्हणता म्हणता सत्ताविसाव्या वर्षी जाहीर केलंस की आपण आता व्यावसायिक. आईला वाटलं दुकान टाकतोय.

मिडलवेट म्हणजे साडेबहात्तर किलो, एवढं एकच ज्ञान तू आमच्या घरात आणलंस. तुझं अंग ऐंशीचं. लढतीच्या आदल्या दिवशी वजन व्हायचं, आणि त्याआधीचा आठवडा तू माणसात नसायचास. भर मे महिन्यात, जळगावच्या उन्हात, रेनकोट घालून मेहरूणच्या तलावाभोवती पळायचास. एका रिक्षावाल्याने मला थांबवून विचारलं होतं, “सर, तुमच्या भावाला कुठे पाऊस दिसतोय?” आई गावाहून भरीत-भाकरी घेऊन यायची आणि तू तोंडात पाणी घेऊन थुंकून टाकत बसलेला. तिने एकदाच विचारलं, “हाऊ कसाना खेळ शे? जेवानं नई, अन् मार खावाना.” याहून नेमकी व्याख्या मी तरी वाचलेली नाही.

तुझी पहिली लढत पुण्याच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाली. दुसऱ्या दिवशी तिथे लग्न होतं. तू समोरच्याला तिसऱ्या फेरीत पाडलंस तेव्हा मागे मंडपवाले झेंडूच्या माळा बांधत होते. त्यातलीच एक त्यांनी तुझ्या गळ्यात घातली. पुढचे विजयही असेच, पण आपल्या पिंप्राळ्याच्या चौकात तुझा बॅनर लागला, मुठी आवळलेला, मागे वाघ. वाघ जास्त घाबरलेला दिसत होता. पुढाऱ्याच्या शेजारी खुर्चीवर मला बसवलं, शाल दिली. ‘बॉक्सर दिगंबरचे बंधू’ अशी माझी ओळख करून दिली. वीस वर्षं त्याच पेठेत शिकवत होतो, पण तोवर मला नाव नव्हतं.

मग बँकॉक. तिथल्या मुलाला जिंकवायला बाहेरचा पाहुणा लागतो आणि तो पाहुणा तू आहेस, हे तुला ठाऊक होतं. तरी गेलास! आठ फेऱ्या उभा राहिलास, गुणांवर हरलास, आणि परत आलास तो डाव्या डोळ्यासमोर काळे ठिपके घेऊन.

महिन्याभराने तू माझ्याकडे आलास. मोबाइलमध्ये डॉक्टरच्या भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो होता. वर मोठा ई, खाली बारीक होत गेलेली अक्षरं. पुण्याच्या लढतीआधी डोळे तपासतात, तक्ता हाच असतो, आणि डाव्याने सध्या जरा धूसर दिसतं, असं तू म्हणालास. उजवा डोळा तळहाताने झाकलास आणि मोबाइल समोर धरलास. “हा मोठा दिसतोय, नाना. बाकीचं येईल आठ-पंधरा दिवसांत. तोवर मला पाठ करून दे. तुझ्यासारखं कोणाला जमतं?”

शेवटचं वाक्य तू मुद्दाम घातलंस ना? पन्नाशीला टेकलेल्या माणसाकडे त्याची विद्या मागायला घरातलं पहिल्यांदा कोणी आलं होतं. तुला समोरच्याचा उघडा पडलेला भाग बरोबर दिसायचा. एका डोळ्यानेसुद्धा.

आणि मी शिकवलं. वेदपाठी एकेक शब्द पुढच्याशी जोडून म्हणतात, मग उलट म्हणतात, पुन्हा सरळ म्हणतात, म्हणजे शब्द जागचा हलत नाही. त्याला जटापाठ म्हणतात. हजारो वर्षं ज्या रीतीने मंत्र जपले, त्या रीतीने मी तुझ्याकडून ई, एफ-पी, टी-ओ-झेड घोटून घेतलं. सरळ, उलट, मधूनच. आठ दिवस, शाळा सुटल्यावर, माझ्या गच्चीवर. तुझी जीभ जड, पण शिष्य म्हणून मन लावून शिकलास. मला तर वर्गातली पोरं नकोशी झाली होती.

पुण्याला लढतीच्या डॉक्टरांनी तुला डाव्या डोळ्याने शेवटची ओळ वाचायला सांगितली, मग हुशारीने तीच उलट वाचायला सांगितली. तू न अडखळता म्हणालास. मला फोन करून म्हणालास, “नाना, तुझ्या संस्कृतचा उपयोग झाला.” मी त्या दिवशी पेढे आणले होते, दिगंबर. पेढे!

ती लढत तू जिंकलास. आयुष्यभर डावा खांदा पुढे ठेवून लढणारा तू एकदम उजवा पुढे ठेवून उभा राहिलास. पेपरात ‘तंत्रात धाडसी बदल’ असं छापून आलं. उजवा खांदा पुढे घेतला की उजवा डोळा समोरच्याकडे राहतो, एवढंच ते धाडस. पण मला खेळातलं काय कळतं? मीही ते कात्रण काढून ठेवलं.

मला कळलं ते चहावरून. तू माझ्या घरी किटलीतून चहा ओतत होतास आणि तो कपाच्या बाहेर, बशीलाही चुकवून, टेबलावर सांडत होता. तू मात्र निवांतपणे ओतत होतास. मी किटली हातातून काढून घेतली. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या त्या डोळ्यांच्या डॉक्टरची फाइल आणून दिलीस. बायकोला, सुनंदाला, सापडायला नको, म्हणालास. मी ती संस्कृत कोशांच्या मागे ठेवली, तिथे आपल्या घरातलं कोणी हात घालत नाही.

तू गेल्यावर ती मी वाचली, असं सुनंदाला सांगायला बरं पडलं असतं. पण मी त्याच दिवशी वाचली. डाव्या डोळ्याला उजेडाचीही जाणीव नाही, पडदा सुटला आहे, वेळ निघून गेली आहे, खेळ थांबवावा. आणि वर तारीख. ती तू माझ्याकडे पाठांतराला आलास त्याच्या आदल्या आठवड्याची होती.

एवढं कळूनही मी तुला आणखी एक लढत लढू दिली. तू ‘शेवटची’ म्हणालास आणि मी मान डोलावली. ती हरलास, हात-पाय धड ठेवून परत आलास, चौकात बॉक्सिंगचा क्लब काढलास, आणि मला वाटलं सुटलो.

बाकीचं तुझ्यामागे घडलं, ते ऐक. तू स्कूटरवर गल्लीतून मोठ्या रस्त्यावर आलास आणि डावीकडून टेम्पो आला. ड्रायव्हर पहूरचा, रवी नावाचा, तीस-बत्तीसचा. वेगात होता, असा आरोप आहे. पुरावा काय, तर तू बॉक्सर होतास. सुनंदाने कोर्टात सांगितलं, ज्याला हातभर अंतरावरून येणारा ठोसा दिसतो त्याला एवढा टेम्पो दिसणार नाही? सगळं कोर्ट हललं म्हणे. सरकारी वकिलांनी तर खटलाच त्या वाक्यावर उभा केला.

मागच्या तारखेला रवी मला कोर्टाच्या जिन्यात भेटला. आता टेम्पो चालवत नाही, केळीचे घड वाहतो. माझ्याकडे न बघता बोलला. “सर, मी हॉर्न दिला होता. आणि तुमच्या भावाने मला पाहिलं होतं. त्यांचा डोळा उघडा होता, माझ्यावरच होता. म्हणून मला वाटलं, थांबतील.”

दोन वर्षं तो माणूस त्या डोळ्याला विचारतोय की पाहिलंस तर थांबला का नाहीस! आणि तू त्याला ज्या डोळ्याने पाहिलंस, तो मी पास करून दिला होता.

आठ दिवसांनी त्याचा बाप घरी आला, पांढरी टोपी, हातात केळीची फणी. बसा आबा, म्हणालो. ते बसले नाहीत. म्हणाले, “माझा पोरगा खोटं बोलत नाही असं नाही, लहानपणी भरपूर बोलला. पण हे खरं सांगतोय असं वाटतं. तुमच्या भावाला दिसत होतं ना, सर?”

मी म्हणालो, होतं.

त्यांनी मान हलवली, फणी टेबलावर ठेवली आणि गेले. त्या माणसाने माझा शब्द प्रमाण मानला, दिगंबर. केळी पिकून काळी पडली, पण मला ती खाववली नाहीत आणि टाकवलीही नाहीत.

म्हणून रविवारी, काल, सुनंदाकडे गेलो. फाइल तिच्यापुढे ठेवली आणि बठ्ठं, अगदी सगळं सांगून टाकलं, आईच्या भाषेत. तिने फाइल वाचली. मग म्हणाली, म्हणून दाखवा. मी तुझ्या फोटोसमोर उभा राहून तक्ता म्हटला, परीक्षेला उभ्या राहिलेल्या पोरासारखा.

“त्यांना शिकवायला किती दिवस लागले, नाना?”

“आठ.”

“आणि मला सांगायला पाच वर्षं.”

उठताना ती म्हणाली, “मंगळवारी मी तुमच्या शेजारी बसणार नाही. पण येईन. त्या पोराला मी भर कोर्टात खुनी म्हटलंय.” तुझा फोटो पुसायचा राहिला होता, आणि माझ्यादेखत तिने तो पुसला नाही.

तेव्हा आता ठरलेलं ऐक. मंगळवारी मी पोलिसांपुढचा जबाब खोटा होता असं सांगणार आहे. सरकारी वकील मला फितूर म्हणतील, आणि तो शब्द या वेळी योग्य जागी पडेल. शाळेतही कळेल. ज्या फळ्यावर मी खरं बोलण्याची सुभाषितं लिहितो, त्या फळ्यापुढे चार वर्षं अजून उभं राहायचं आहे, त्यांनी राहू दिलं तर. चौकातल्या क्लबवरचा तुझा फोटो उतरवतील की ठेवतील ते मला माहीत नाही. मला तुझा राग आहे, आणि तो उतरेल अशी घाई मला नाही. पण तुझ्या राखेला आता तरी एका जिवंत माणसाच्या आड लपू देणार नाही, हा शब्द.

तुम्हाला हे कसं ठाऊक, असं न्यायाधीश विचारतील. मी डोळे मिटून तक्ता म्हणेन, आधी सरळ, मग उलट. उलट म्हणताना बारीक ओळ आधी येते आणि सर्वांत मोठं अक्षर सर्वांत शेवटी. गच्चीवर तू दर वेळी त्या मोठ्या ई-पाशी हसायचास आणि म्हणायचास, हे सोड नाना, हे मला दिसतंय. मी खरं मानून ते अक्षर सोडून द्यायचो.

मंगळवारी तेही म्हणेन.

तुझा गुरू, नाइलाजाने,
नाना