सासू-सासरे किंवा आई-वडील

देऊळगाव राजा
दि. ९ मार्च २०२५

चि. सौ. पूनम हीस,

शेषराव मामाचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. पत्र एवढ्यासाठी, की फोनवर तू माझं बोलणं अर्ध्यात तोडतेस आणि ज्ञानेश्वर, माझाच मुलगा असून, सुरूच होऊ देत नाही.

तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची संभाजीनगरची एप्रिलमधली तारीख मी रद्द केली. रागावू नकोस, पुढे वाच.

शिलाई मशीनवर कापड झाकून मी सत्तरीवरच्यांचं सरकारी कार्ड घेऊन हिंडतो आहे. जालन्याला एका दवाखान्यात कार्ड चालतं, पण हाडांचा डॉक्टर सोडून गेला. दुसऱ्यात डॉक्टर आहे, पण गुडघ्याला कार्ड चालत नाही. सरकारी रुग्णालयात म्हणाले, बसवायचा कृत्रिम सांधा आला की कळवू. कधी येणार विचारलं, तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू तो मीच आणायला हवा होता. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. विम्याचा एजंटही येऊन गेला. न परवडणारा हप्ता सांगितला आणि वर, आधीच्या दुखण्याला तीन वर्षं काही मिळणार नाही म्हणे. त्याला चहा पाजला याचं अजून वाईट वाटतं.

तू म्हणशील, माझ्या कंपनीचा विमा असताना मामा काऊन हिंडतात? तेच सांगायचं आहे आणि तेच लिहवत नाही.

गेल्या महिन्यात बुलढाण्याला डोळे दाखवायला गेलो, तर बाकावर तुझी आई. मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. वडनेरहून एकट्याच एसटीने आल्या होत्या. हृदयाची झडप खराब झाली आहे, थोडं चाललं तरी धाप लागते. त्यांचीही तीच गत. कार्डाच्या यादीतल्या दवाखान्यात हृदयाचा डॉक्टर नाही, आणि डॉक्टर आहे तिथे कार्ड घेत नाहीत.

"पूनमले काई सांगू नका, व्याही," आशाबाई म्हणाल्या. "थे सासरचं पाहून राह्यली, पाहू द्या. लेकीच्या जिवावर मले नाई जगायचं."

नाही सांगत, म्हणून मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

कंपनीचा नियम तूच सांगितला होतास. आई-वडील किंवा सासू-सासरे, एकच जोडी. तू न विचारता आमची नावं लिहिलीस आणि मी ते गावभर मिरवलं.

तुझ्या सासूबाईंना सांगितलं, तर आधी दोन दिवस माझ्यावर धुसफुसल्या. मग म्हणाल्या, "मला बालाजीच्या देवळापर्यंत तरी चालायचं होतं हो. पण तिचा श्वास अडकलाय. माझे गुडघे कुठं पळून चालले?" आणि रडल्या. मला फार राग येतो आहे, पूनम. दोन म्हाताऱ्या बायांतली एक निवडायला लावणारा हा कसला नियम?

आमची नावं काढ. आईचं लिही. बदलायची मुदत या महिन्याअखेरपर्यंतच आहे. ज्ञानेश्वर ओरडेल, त्याला हे पत्र दे. पण आधी वडनेरला फोन कर. मी तोंड उघडलं म्हणून तुझी आई माझ्यावर चिडेल. चिडू दे. चिडायला ती असली पाहिजे.

विहिणीला दिलेला शब्द मोडणारा,
तुझा मामा
शेषराव