तुझी ती रोसाउराबाई

पोर्ट मारिया, जमैका
४ सप्टेंबर १९९४

चि. जॅसिंथ हिस आईचे, म्हणजे सख्ख्या आईचे, आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोस्टातल्या मिस बर्डीने ते हातात देताना विचारलं की कोलंबियात पोरीचं कसं काय चाललंय. मी म्हटलं, मला कशाला विचारतेस, तिच्या घरमालकिणीला विचार. चार पानी पत्रात रोसाउराबाईचं नाव चौदा वेळा आलंय. मी बोट ठेवून मोजलं. माझी चौकशी एका ओळीत, तीही शेवटी, पायाची सूज कशी आहे म्हणून. सूज आहे तशीच आहे.

रोसाउराबाईने लोकरीची घोंगडी दिली. रोसाउराबाईने पायाशी गरम पाण्याची बाटली ठेवली. रोसाउराबाई सकाळी दुधात अंडी फोडून त्याचं सूप करते. दुधात अंडी! इथे माझ्या मक्याच्या लापशीत एक गुठळी सापडली तर तू बशी सरकवायचीस. त्या थंड गावात तुला पाठवायला मी कबूल झाले ती इंग्रजी शिकवण्यासाठी. मुलं काय शिकली, त्याचं पत्रात अक्षर नाही.

यंदा अंगणातल्या झाडाला ब्रेडफ्रूट एवढं लागलंय की खाली पडून सडतंय. खायला आहे कोण?

लोभ आहे तेवढा आहे. वाटून घ्यायची मात्र मला सवय नाही.

तुझी आई,
आयसिल्डा


तुन्हा, कोलंबिया
३० सप्टेंबर १९९४

ती. आईस जॅसिंथचा सा. न.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग जरा वाईट वाटलं. या पत्रात तिचं नाव कमी घेईन म्हटलं होतं, पण तू शाळेचं विचारलंस आणि शाळेच्या गोष्टीतही ती आहेच.

तुला मी कळवलं नव्हतं. फेब्रुवारीत इथे आले तेव्हा एका मुलाच्या वडिलांनी मुख्याध्यापकांना विचारलं होतं की मागवली इंग्रजीची बाई आणि आली ही काळी पोर कुठली, हिची इंग्रजी खरी तरी आहे का. हे रोसाउराबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी त्या गृहस्थांना भर बाजारात, बटाट्याच्या पोत्यांमध्ये गाठलं, आणि तुमची स्वतःची खरी इंग्रजी आधी ऐकू द्या म्हणाल्या. आता तो माणूस मला पाहिलं की टोपी काढून गुड मॉर्निंग टीचर म्हणतो. संध्याकाळी सहा वाजतासुद्धा.

मुलं चांगली आहेत. चाळीस जण एका वर्गात, सगळ्यांची नाकं गारठून लाल. आपल्याकडची 'अनान्सी' या जाळं विणणाऱ्या कोळ्याची गोष्ट सांगते, तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू येईल.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बाईंनाही शिकवते. त्यांची मुलगी नेल्सी कॅनडात असते. तिच्या मुलाला फक्त इंग्रजी येते. नातवाशी फोनवर दोन वाक्यं बोलता यावीत एवढीच त्यांची हौस. त्या मला 'पोरी' म्हणतात, हेही आत्ताच सांगून टाकते, पण इथे बसचा कंडक्टरही तसंच म्हणतो. तेव्हा जळायचंच तर त्याच्यावरही जळ.

शाळा आणखी एक वर्ष राहा म्हणते. मला राहावंसं वाटतं. तू हो म्हणालीस तरच सही करीन.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझीच,
जॅस


पोर्ट मारिया
२३ ऑक्टोबर १९९४

चि. जॅसिंथ हिस आशीर्वाद.

म्हणजे बाईला स्वतःची लेक आहे तर! ती दूर देशी निघून गेली, म्हणून हिने माझी ठेवून घ्यायची? आणि तुझा अपमान झाला तो मला आठ महिन्यांनी कळतो. तिला त्याच दिवशी कळला. त्या माणसाला गाठायला मी नव्हते का? बोटीत बसून आले असते.

लिहिणार नव्हते, पण गेला आठवडाभर छातीत कळ येते. जिना चढताना कठड्याला धरून उभी राहते. डॉक्टर म्हणाले, घरचं माणूस जवळ हवं. तू तुझ्या रोसाउराबाईचं सूप पीत सुखात राहा, मी काही म्हणत नाही. पण सही करशील तर मला विचारून केली असं कुणाला सांगू नकोस.

आणखी काय लिहू?

आयसिल्डा


तुन्हा
१२ नोव्हेंबर १९९४

ती. आईस सा. न.

पत्र मिळालं त्याच दिवशी मुख्याध्यापकांना नाही म्हणून सांगितलं. दहा डिसेंबरला निघते. जिना चढू नकोस, बिछाना खाली आण. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचं नाव कळव, इथे चौकशी करते.

मुलांना अजून सांगितलेलं नाही. हिंमत होत नाही.

तुला बरं असू दे, बाकी सगळं नंतर.

जॅस


तुन्हा
२० नोव्हेंबर १९९४

आदरणीय सिन्योरा आयसिल्डा,

हे पत्र मी एकटी इंग्रजीत लिहिते. जॅसिंथला माहीत नाही. चूक असेल तर चूक माझी, शिक्षिकेची नाही.

तुमची मुलगी कपडे धुते आणि रडते. मी विचारते, ती म्हणते साबण डोळ्यात गेला. रोज साबण जात नाही.

तुमचं पत्र तिने मला वाचून दाखवलं. तुमचं दुखणं आणि माझं नाव जवळ जवळ होतं. म्हणून मी लिहिते.

अकरा वर्षं आधी मी नेल्सीला फोन केला. मी म्हणाले, मी फार आजारी. मी आजारी नव्हते. तिची सासू तिला केक शिकवत होती, फोटो पाठवत होती, आणि मला ते बघवत नव्हतं. नेल्सी नोकरी सोडून आली. मी दारात उभी, हातात झाडू, गाल लाल. ती चार दिवस राहिली आणि गेली. मागच्या वर्षी माझं पोट कापलं, खरं ऑपरेशन. मी फोन केला. ती म्हणाली, आई, पुन्हा?

तुम्ही खरं आजारी असाल तर मला माफ करा. मी प्रार्थना करते आणि तिची पेटी मी भरते. आजारी नसाल तर तुम्ही सांगा. विमान आधी. मी सांगणार नाही. दुसऱ्याच्या तोंडून वाईट होतं.

तुमची मुलगी मी घेत नाही. मला ती आवडते, ते मी लपवत नाही.

देव तुम्हाला चांगला ठेवो.

रोसाउरा


पोर्ट मारिया
१५ जानेवारी १९९५

श्रीमती रोसाउराबाई यांस आयसिल्डाचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र पाच डिसेंबरला आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा चुलीत घालणार होते. ही कोण मला शिकवणारी, असं झालं. दुसऱ्यांदा वाचलं ते उभ्यानेच, आणि तशीच पोस्टात मिस बर्डीकडे फोन करायला गेले. तिला बाहेर जायला सांगितलं. ती गेली नाही. होऊ दे, तिनेही ऐकलं.

जॅसिंथला म्हटलं, माझ्या छातीला काही झालेलं नाही, मी डॉक्टरकडे गेलेच नव्हते. तिने मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, मी नाताळला येत नाही. शाळेत पुन्हा विचारते. पत्र लिहावंसं वाटेल तेव्हा लिहीन. आणि तिने फोन ठेवला.

ठेवला, पण नीट ठेवला नाही. हे तिलाही माहीत नाही, तुम्हालाही नाही. मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. ती रडत होती. मोठ्याने, लहानपणी पडल्यावर रडायची तशी. मग तुमची पावलं, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि तुम्ही तिला तुमच्या भाषेत काहीतरी सांगत होतात. तेच तेच, हळू. मला एक शब्द कळला नाही. मिस बर्डी खुणेने सांगत होती, मिनिटं चाललीत, ठेव. मी ठेवला नाही. ती गप्प होईपर्यंत ऐकत राहिले.

परवा तिचं पत्र आलं, सहा ओळींचं. तिची जागा दुसऱ्या कुणाला दिली. आता बसने दोन तास लांबच्या खेड्यात नोकरी लागली आहे, शनिवार-रविवार तेवढा तुमच्याकडे. हे माझ्यामुळे झालं. तिने तसं लिहिलेलं नाही, त्यामुळे जास्त लागलं.

तुमच्यावर मी अजून जळते. खोटं एकदा बोलून झालं, पुन्हा बोलणार नाही. पण एक मागते. त्या दिवशी तुम्ही तिला जे म्हणत होतात, ते शब्द मला लिहून पाठवा. तुमच्याच भाषेत, उच्चार कसा करायचा त्यासकट. जुलैच्या सुट्टीत ती आली आणि माझ्यासमोर रडली, तर मला ते म्हणता आले पाहिजेत.

उत्तराची वाट पाहणारी,
आयसिल्डा