दोन म्हशी विकून घेतलेली गाडी

तीर्थस्वरूप बुनलुअनदादास,

धाकट्याचा हात जोडून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? वहिनींनी रायोंगहून पाठवलेले सुके मासे सोमवारी पोचले आणि सोमवारीच संपले. इकडे मून नदी ओसरली आहे. आम्ही सगळे अंगणात वाळत पडलो आहोत.

डिझेल पिकअप घेऊ का, लांबचा विचार करता परवडते का, असं तू विचारलंस. अकरा वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, घेऊ नकोस. ती थकत नाही, वाटेल तेवढं ओझं ओढते, थेंबभर डिझेलवर लांब जाते, सगळं खरं. पण इंजेक्टर बिघडला की मेकॅनिक ज्या चेहऱ्याने बॉनेट खाली ठेवतो, तसा चेहरा डॉक्टरही करत नाहीत. शिवाय ती आपली एकट्याची राहत नाही. कुणाचं बिऱ्हाड, कुणाची डुकरं, विहारातली नवी घंटा (पडली, पण फुटली नाही), सगळं माझ्याच हौद्यात.

खरा खर्च मात्र दुकानदाराने सांगितलाच नव्हता. सासूबाईंनी दिलेल्या दोन म्हशी विकून मी गाडी घेतली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "म्हैस वर्षाला पारडू देते. हे धूड काय देणार, धूर?" त्यानंतर अकरा वर्षं माझ्याशी एक अक्षर नाही. एकाच घरात! मीठ हवं असलं तर त्या मांजरीला सांगायच्या आणि मी उठून द्यायचो.

गेल्या महिन्यात पूर आला आणि त्या शेतावरच्या खोपटात अडकल्या. होड्या पलीकडच्या वस्तीत गेलेल्या. आईच्या काळजीने माझी लमदुआन रडायला लागली, म्हणून मी गाडी पाण्यात घातली. सासूबाई माचावर आंबवलेल्या माशांची बरणी पोटाशी धरून बसल्या होत्या. मी हात पुढे केला. त्यांनी आधी बरणी दिली, मग हात.

परतताना रस्ताच दिसेना, नुसतं तपकिरी पाणी. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "डावीकडे घे. उजवीकडे खड्डा आहे, माझ्या म्हशी तिथेच लोळायच्या." दादा, क्षणभर मला वाटलं गाडीच बोलली. मग "हळू रे बाबा", "आता दाब" करत त्यांनी मला विहाराच्या चढापर्यंत आणलं. तिथे हवेच्या नळीतून पाणी आत गेलं, खाडकन आवाज झाला आणि इंजिन गेलं. बरणी आमच्या दोघांच्या मांडीवर उपडी झाली. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो, खोटं कशाला सांगू. सासूबाईंनी पंच्याने माझं तोंड पुसलं. म्हणाल्या, "उगी. आमची थोरली म्हैस पण अशीच बसायची. दम खाऊ दे तिला."

दम खाऊन भागलं नाही, आतले दांडे वाकलेत. मेकॅनिक नाकाला फडकं बांधून काम करतो आणि सासूबाई रोज सकाळी त्याला विचारायला जातात, "आमची गाडी कधी देतोस?" आमची! घरी त्यांचं अकरा वर्षांचं साठलेलं बोलणं चालू आहे. मला घास गिळायलाही फट सापडत नाही.

तेव्हा दादा, या भानगडीत पडू नकोस.

तुझा,
सामरान

ता. क. आमच्या लेकीचं, पिम्फाचं लग्न पुढच्या शनिवारी ठरलं. नवरदेवाची मिरवणूक, दोन मोठे स्पीकर आणि नाचणाऱ्या सगळ्या मावश्या कशात भरायच्या, हा प्रश्न आहे.

ता. क. २. घेऊ नकोस हा सल्ला कायम आहे. फक्त शुक्रवारच्या आत घे. वहिनींना विचारत बसू नकोस. मी कालच फोन केला होता, त्यांनी रंगसुद्धा ठरवला आहे.