पिवळा दिवा आणि मामांचं धुरांडं

इइसाल्मी, सोमवार, १२ मे

आदरणीय ताउनोमामा,

ओत्सोचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? तळ्यावरचा बर्फ गेला, जाळी पाण्यात पडली, म्हणजे गुडघा बराच असणार, कारण तो फक्त बर्फ खरवडायच्या दिवसांत दुखतो असं आई म्हणते (मी म्हणत नाही). मुइक्कू मासे यंदा जाळ्यात बरे लागताहेत का? आणि माशांना धुरी द्यायची तुमची ती भट्टी, तिचं नवं धुरांडं नीट ओढतं ना? हे मी सहज विचारतो आहे. आई खुशाल आहे, तिने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे आणि तिची बादली परत मागितली आहे. तुमचा फोन होडीतून तळ्यात गेल्यापासून पत्राशिवाय इलाज नाही. पत्राचं एक बरं असतं, वाचणारा मध्येच "मुद्द्यावर ये" म्हणू शकत नाही.

तर मिर्या रौतिओ यांच्या गॅरेजमध्ये एक जागा आहे हे तुम्हाला माहीत आहे. एप्रिलमध्ये मी विचारायला गेलो तेव्हा मिर्याबाई एका व्हॅनच्या खाली होत्या आणि तिथूनच बोलल्या. "तंत्रशाळेचा दाखला आहे?" मी म्हणालो, अर्धा आहे. "कुठला अर्धा?" मी खरं ते सांगितलं, की दुसऱ्या वर्षी सायलेन्सरच्या धड्याशी शाळा सुटली. व्हॅनखाली पान्हा दोनदा फिरला. मग आवाज आला, "स्वतःच्या गाडीचा सायलेन्सर बदलून आण. आवाज भारदस्त पाहिजे, समोरचा, इंजिनात बिघाड दाखवणारा पिवळा दिवा लागता कामा नये आणि वार्षिक तपासणीत गाडी पास झाली पाहिजे. तो कागद घेऊन आलास तर काम तुझं. नाहीतर आणखी एक जण विचारतोय, त्याच्याकडे दोन्ही अर्धे आहेत." तपासणीची माझी वेळ येत्या गुरुवारी सकाळी नऊची आहे. दुसरी वेळ जूनशिवाय नाही, आणि मिर्याबाई जूनपर्यंत थांबणाऱ्यांतल्या नाहीत.

मे दिनाला तुम्ही आला होतात तेव्हा आपण दोघांनी मिळून जुना सायलेन्सर उतरवला. तो टाकून देणं तुमच्या जिवावर आलं आणि तुम्ही तो सगळाच्या सगळा भट्टीच्या धुरांड्यासाठी घेऊन गेलात. त्यात माझी काही तक्रार नाही. त्या दिवशी जेवताना तुम्ही म्हणालात, "ओत्सो सुरू करतो सुंदर." वाक्य तिथेच सोडून बटाटा सोलत राहिलात. आई खिडकीबाहेर बघत राहिली. मामा, मी ते मनावर घेतलेलं नाही. फक्त त्यानंतरचा प्रत्येक बोल्ट मी दोनदा आवळला आहे.

नवा सायलेन्सर मी कायानीच्या एका माणसाकडून जाहिरात बघून आणला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो एका म्हाताऱ्याने फक्त रविवारी वापरला होता (शर्यतीच्या गाडीचा सायलेन्सर म्हाताऱ्याने रविवारी कशाला वापरला, हे मी विचारायला हवं होतं). त्याला गंज होता. मी तो घासून काढला आणि उष्णता सोसणारा काळा रंग दिला. डब्यावर लिहिलं होतं की रंग पक्का होण्यासाठी तासभर चांगली धग लागते. आता नव्वद अंशांची धग, तासभर, फुकट आणि हक्काने कुठे मिळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या इमारतीच्या सौनात शनिवारी सहा ते सात माझी पाळी असते. मी सायलेन्सर वरच्या बाकावर टॉवेल अंथरून ठेवला (नियम म्हणजे नियम) आणि स्वतः खालच्या बाकावर लक्ष ठेवायला बसलो. जुन्या सायलेन्सरचे दोन सेन्सर तुम्ही नेण्याआधी मी काढून घेतले होते. ते हरवू नयेत म्हणून नव्याच्या भोकांत आधीच फिरवून बसवले होते. ही माझी काळजीपूर्वक काम करण्याची पद्धत आहे, आणि तिनेच घात केला.

रंगाचा शेवटचा हात उशिरा दिल्यामुळे सातच्या पुढे वीस मिनिटं जास्त लागणार होती. सातला माझ्यानंतरची पाळी हेल्वीबाईंची, त्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या टॉवेल गुंडाळून दारात आल्या, वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"हे अजून किती वेळ बसणार आहेत?"

"वीस मिनिटं, बाई."

"अंगावर पाणी घेऊन बसलेत ना?"

त्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या आणि रंगाच्या वासात शब्दकोडं सोडवत राहिल्या. रविवारी जिन्यातल्या फलकावर सूचना लागली: "सौना रहिवाशांसाठी आहे." खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात: "ओत्सो, त्याला फ्लॅट मिळेपर्यंत नको."

गेल्या सोमवारी, पाच तारखेला, सायलेन्सर चढवला. आवाज काय सांगू, मामा. खोल, शांत, घरंदाज. चार किलोमीटर मी जगातला सगळ्यात सुखी माणूस होतो, मग पिवळा दिवा लागला. कायानीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "दिव्यावर काळी पट्टी लाव." मी म्हणालो, तपासणीत यंत्र जोडून बघतात. "मग मागच्या सेन्सरखाली एक लांब नळी घाल. त्याला धुराचा वास नीट येत नाही, आणि तो सगळं ठीक आहे म्हणतो. सगळे तेच करतात." मी पट्टीचं रीळ हातात घेऊन गाडीत बराच वेळ बसलो. एक तुकडा कापलासुद्धा. मग तो गाडीच्या कागदांच्या पाकिटाला लावला, ते फाटलं होतं.

शेवटी गाडी मिर्याबाईंकडे नेली आणि त्यांनी यंत्र लावलं. "दोन्ही सेन्सर मेलेत. काय केलंस त्यांना?" मी सगळं सांगितलं. त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "किती अंश होते?" नव्वद, म्हणालो. "तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ काढलीस?" नाही, म्हणालो. "तेवढं तरी डोकं आहे." मग त्यांनी समजावलं, की सेन्सर म्हणजे गाडीची नाकं. एक नाक धूर गाळणाऱ्या डब्याच्या पुढे, एक मागे, आणि रंगाच्या वाफेत बसवलं की नाक कायमचं जातं (हा धडा शाळेत बहुतेक तिसऱ्या वर्षी असावा). मी नवी दोन नाकं घेतली, नवी गॅस्केट घातली, सांध्यावर साबणाचं पाणी लावून एकही बुडबुडा येत नाही हे तीनदा बघितलं. दिवा दीड दिवस विझला. काल परत लागला. या वेळी यंत्राने एकच गोष्ट सांगितली: पुढच्या नाकाला आणि मागच्या नाकाला सारखाच वास येतो, म्हणजे मधे डबाच नाही. कायानीवाल्याच्या म्हाताऱ्याने तो कधीच काढून टाकला होता.

"जुन्या सायलेन्सरला डबा होता ना? कुठे आहे तो?" मिर्याबाईंनी विचारलं.

"मामांकडे."

"मामा काय करतात त्याचं?"

मामा, माझ्याच्याने खोटं बोलवलं नाही. मी म्हणालो, "मासे."

त्यांनी यंत्राची वायर काढून गुंडाळली. मग म्हणाल्या, "गुरुवार नऊ," आणि परत व्हॅनखाली गेल्या.

असो. माझं काही मागणं नाही. सहज खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. जाळी ओढताना गुडघ्याखाली उशी घ्या. आईची बादली विसरू नका.

तुमचा भाचा,
ओत्सो

ता. क. धुरांड्याच्या मधोमध जो फुगीर भाग आहे, तोच डबा. तो मला बुधवारपर्यंत मिळाला तर बरं होईल. तोवर कृपया भट्टी पेटवू नका.

ता. क. (मंगळवार) पत्र पेटीत टाकायला निघालो आणि लक्षात आलं, की ते तुमच्याकडे शुक्रवारी पोचेल. म्हणून पत्र खिशात ठेवून स्वतःच आलो. तुम्ही तळ्याच्या मध्यावर जाळी ओढत होतात. मी किनाऱ्यावरून धुरांड्याकडे बोट दाखवून हात हलवला. तुम्हीही हात हलवलात. ती मी परवानगी समजलो. डबा कापून घेतला आहे. त्या जागी नव्या सायलेन्सरचा पुढचा सरळ तुकडा बसवला आहे, नीट, क्लिप लावून. पहिली भट्टी रिकामी पेटवा, रंगाचा वास जाईल. वारा सुटला तर धुरांडं थोडं घुमेल. आवाज भारदस्त आहे.

ता. क. (गुरुवार) डबा जुन्या जागी बसवला, मागचा भाग नवाच ठेवला आणि काल आतली काजळी जळावी म्हणून लापिनलाह्तीपर्यंत गाडी तापवून आणली. निम्म्या वाटेपर्यंत एक मासेखाऊ कुरव पक्षी गाडीच्या मागे होता. आज तपासनिसाने यंत्र जोडलं, धूर मोजला. सगळे आकडे स्वच्छ, दिवा बंद. मग तो गाडीच्या मागे वाकला, उभा राहिला आणि म्हणाला, "मुइक्कू?" मी हो म्हणालो. "अल्डरच्या लाकडाच्या धुरीवर?" मी म्हणालो, मामा दुसरं लाकूड वापरत नाहीत. त्याने सही केली. मिर्याबाईंनी कागद वाचला, मग त्याही गाडीच्या मागे गेल्या. "सोमवारी सातला ये. नवा माणूस पहिल्या दिवशी कॉफीबरोबर काहीतरी आणतो, माहीत असेलच. गोड पाव नको."

आम्ही सहा जण आहोत, म्हणजे दोन किलो मुइक्कू. दुसऱ्या भट्टीतले. हे पत्र आता टाकत नाही, शनिवारी हातातच देतो. तळ्यात असलात तर नुसता हात हलवा.