रोज पंधरा मिनिटं, फक्त वेल्श

मंगळवार, २४ मार्च २०२०
कार्डिफहून रॉड्रीचा फोन. साथीमुळे त्याचा वेल्शचा क्लास बंद. बाईंनी सांगितलंय, घरबसल्या कुणाशी तरी रोज पंधरा मिनिटं फोनवर बोला, इंग्रजीचा एक शब्द नको. त्याची लेक नॉन सप्टेंबरात वेल्श शाळेत जाणार, म्हणून चिरंजीव चाळिशीत शिकायला बसलेत. म्हणाला, बाबा, तुमच्यापेक्षा चांगलं कोण मिळणार? खरंच आहे. चाळीस वर्षं आमच्या बाला गावच्या मेंढीबाजारात वेल्शमधून लिलाव पुकारलेत. तीन महिन्यांत पोरगा तयार.
संकल्प : इंग्रजी पूर्ण बंद.

गुरुवार, २६ मार्च
पहिला पाठ झकास. ‘आज मी’ म्हणून अडकला. लिलावात बोली अडकली की मीच पुढे ढकलायचो. वाक्य मीच पुरं केलं. कळलं का, ते इंग्रजीत विचारलं; एवढं चालतं. मग त्याच्या गळक्या छपराचा विषय निघाला, तो अर्थात इंग्रजीत. एकूण चाळीस मिनिटं!

सोमवार, ६ एप्रिल
आज इंग्रजी फक्त तीनदा. रॉड्री म्हणतो, अकरा वेळा. विद्यार्थ्यानं मोजत बसू नये. म्हणाला, बाबा, मला अडखळू द्या ना जरा. पण समोरचा घामाघूम झालेला असताना वेल्शचा हट्ट धरायचा म्हणजे उद्धटपणाच. आमच्याकडे दहा जणांत एक बिनवेल्शचा आला की दहाही जण इंग्रजीवर येतात. आईनं हेच वळण लावलं. माझा काय दोष?

रविवार, १९ एप्रिल
शेजारच्या डिल्विननं कुंपणापलीकडून विचारलं, काय रे एल्फेड, पोराला वेल्श शिकवतोयस की स्वतःचं इंग्रजी सुधारतोयस? त्याची चारही पोरं वेल्श बोलतात म्हणून हा तोरा. उत्तर दिलं नाही. दुपारभर सुचत मात्र होतं.

मंगळवार, ५ मे
रॉड्रीनं विचारलं, लहानपणी माझ्याशी वेल्शमधून का नाही बोललात? म्हटलं, तुझी आई इंग्लंडची, बर्मिंगहॅमची, जेवताना तिला परकं वाटू नये म्हणून. तर म्हणतो, आई गाडीत कुठे असायची? बाजाराला जाताना आपण दोघंच असायचो.
रेंज जातेय म्हणून फोन ठेवला. आमचा फोन तारेचा आहे, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.
त्याची आई मॉरीन जाऊन सहा वर्षं झाली, नाहीतर तिनं साक्ष दिली असती. एकदा म्हणालीही होती, बोला रे तुम्ही, मी शिकेन. उगीच आपलं म्हणाली असेल.

गुरुवार, २८ मे
आठवडाभर फोन नाही. कामात असेल. शेवटी मीच केला. क्लासनं त्याला दुसरी जोडीदारीण दिलीय. अँगलसी बेटावरची नेस्टा, वय शहाऐंशी. शिकवते काय, विचारलं. म्हणाला, काही नाही बाबा, मी अडलो की विणत बसते आणि थांबते. एकदा चार मिनिटं थांबली. ही काय शिकवायची रीत झाली? असो, माझ्या डोक्याचा ताप गेला. बरंच झालं.
बरं नाही झालं.
संकल्प : गप्प बसायचा सराव. घड्याळ लावून बसलो. घरात दुसरं कुणी नसल्यानं पहिल्याच दिवशी जमलं.

रविवार, १४ जून
रॉड्रीचा फोन. पंधरा मिनिटं नुसता वेल्शमधून बोलला. संथ, चुकतमाकत, पण स्वतःचं. आईबद्दल बोलताना अडला. मी ओठ दाबून धरले. त्याचा त्याला शब्द सापडला.
मग त्यानं विचारलं, बाबा, तुम्ही कसे आहात? एकट्याला फार जड जातं का?
माझ्या भाषेत पोरानं मला असं कधीच विचारलं नव्हतं. जड जातं. फार जातं. सगळं सांगायचं होतं. बाजारात मला कधी शब्द कमी पडला नाही.
मी इंग्रजीत म्हणालो, छान आहे मी, हवा चांगली आहे.
तो थांबला. बराच वेळ थांबला. मग तोही इंग्रजीत म्हणाला, हो, इकडेही चांगली आहे.