उजवीकडचा खट्ट आवाज

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा झाला! क्लच सोडला आणि खट्ट! निघताना एकदा, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पुन्हा एकदा. खालून कुणी हातोडीचा एकच ठोका मारावा तसा. उजवीकडून. मी जीव कानात आणून ऐकलं. उजवीकडूनच.

हिला विचारलं, ऐकलंस का गं? ही खिडकीबाहेर बघत बसलेली. उत्तर नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

चाक निखळलं तर? चढावर निखळलं तर? हिच्या बाजूचं निखळलं तर?

आणखी एक गोष्ट मनाला खाते आहे. इथे लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार? ही गाडीत बोलेनाशी झाली आहे. घरात तोंड चालू असतं — नळ गळतोय, चष्मा पुन्हा कुठे ठेवलात, सदरा उलटा घातलाय! समोर उभी राहून सुनावते. पण गाडीत बसली की मुकी. पूर्वी उलट होतं. मनातलं काही काढायचं तर गाडीतच काढायची. समोर रस्ता असतो, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मुलाचं लग्न तिनं गाडीत ठरवलं. माझी सिगारेट गाडीतच सोडवली.

आवाजाला घाबरत असणार. आवाज गेला की बोलेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हिला गुडघ्याच्या व्यायामाला नेऊन आणलं. जाताना अकरा खट्ट, येताना चौदा. ही गप्प.

संध्याकाळी मुलाचा फोन. महिनाभर घोळ चालला होता, आज त्यानं तारीखच सांगितली. "बाबा, सोळाला रविवार आहे. टेम्पो घेऊन येतो. आता दोघं कायमचे आमच्याकडे. आणि तो खटारा विकून टाकू."

फोन ठेवून मी हिला म्हटलं, तुझं काय म्हणणं?

"तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हटलं, तू म्हणशील तसं.

झालं! मुलाच्या घराचं बोलणं एवढ्यावर संपलं, आणि ही कपडे वाळत घालायला गेली.

मला जायचं नाही. पण तिला नातवंडांची ओढ असेल तर मी कशाला आड येऊ? तिच्या मनात काय आहे तेवढं कळलं पाहिजे. सोळाच्या आत. आणि ते ती गाडीतच सांगेल, मी ओळखून आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री मुलाच्याच वयाचा. एक चक्कर मारून आला.

"काका, मला डावीकडून वाटतोय."

मी उसळलोच. म्हटलं, बावीस वर्षं ही गाडी मी चालवतोय, मला शिकवता? उजवीकडून येतो! उजवीकडचंच खोला!

तो हसला. "तुमची गाडी, तुमचा हट्ट." गाडी वर चढवली. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा असतो, त्याच्या टोकाचा जॉइंट बदलला. माणसाचा गुडघाच म्हणायचा. जुना माझ्या हातात ठेवून म्हणाला, "बघा, अजून दहा वर्षं चालला असता. निरोगी गुडघा कापायला लावलात."

उगाच ओरडलो त्याच्यावर. घरी येऊन वाईट वाटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

खट्ट.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा त्याच्या दारात. कोणत्या तोंडानं जायचं? पण गेलो. त्यानं आधी चहा दिला. मग म्हणाला, "काका, गंमत म्हणून डोळे मिटा. मी पान्यानं ठोकतो. कुठून ठोकलं, बोट दाखवा."

ठोकलं. मी उजवीकडे दाखवलं. पुन्हा ठोकलं. उजवीकडे. तिसऱ्यांदाही उजवीकडेच.

डोळे उघडले तर तो माझ्या डाव्या खांद्यापाशी उभा!

"तिन्ही वेळा इथूनच ठोकलं, काका." मग हळू आवाजात — दुकानात दुसरं कुणी नव्हतं तरी हळू — "गाडीचा डावा जॉइंट गेलाय. आणि तुमचा डावा कान."

मी खाली टायरवर बसलो. एकाच कानानं ऐकू येत असलं की सगळे आवाज त्याच बाजूनं आल्यासारखे वाटतात म्हणे. त्याच्या आजोबांचं असंच होतं. छापखान्यात तीस वर्षं मशीन माझ्या डाव्या हाताला होतं. त्यानंच कान खाल्ला असणार, रोज थोडा थोडा. फोन मी उजव्या कानाला लावतो, घरात माणसं समोर येऊन बोलतात. कळणार कसं?

त्यानं डावीकडचं उघडून दाखवलं. रबराचं कव्हर फाटलेलं, ग्रीस सगळं बाहेर, सांधा हातानं खडखडत होता. नवा बसवला. निघताना म्हणाला, "काकूंना सांगा हं." म्हटलं, सांगतो. नाही सांगितलं. धीर झाला नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गाडीत ही माझ्या डाव्या हाताला बसते!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

व्यायामाला निघताना हिला मागे बसवलं, माझ्या बरोबर मागे. "अगं बाई, ड्रायव्हर ठेवला की काय मला?" स्पष्ट ऐकू आलं. एकही खट्ट नाही. चौकाच्या पुढे गेल्यावर मागून आवाज आला, "आता चौथ्यांदा विचारते हं. तुम्हाला खरंच जायचंय का हो मुलाकडे? मला नाही जायचं. तुम्ही दर वेळी गप्प बसता, म्हणून मी मनाची तयारी करत होते." गाडी बाजूला घेतली. मागे वळून तिला कानाचं सांगितलं. ती माझ्या त्या कानावर हात ठेवून बसली.

मुलाला फोन केला. म्हटलं, रविवारी ये, सगळ्यांना घेऊन ये. टेम्पो आणू नकोस.